गुन्हेगार आधी बळी होता, हे शिक्षेच्या सुनावणीत कसं मांडायचं?

पिंपळपान
फाशी होऊ शकेल अशा खटल्यांतल्या शिक्षेच्या सुनावणीबद्दल हा धागा आहे. निकालपत्रं वाचली की आरोपीची बाजू बहुतेक वेळा दोन ओळींत आटोपलेली दिसते: "आरोपी तरुण आहे, घरात एकटा कमावता आहे, आईवडील वृद्ध आहेत, पहिलाच गुन्हा आहे." ज्याला सातव्या वर्षापासून बापाने सळईने मारलं, ज्याला वीटभट्टीवर किंवा हॉटेलात कामाला जुंपलं, ज्याच्यावर लहानपणी अत्याचार झाले, त्याच्याही बाबतीत याच दोन ओळी. मग निकालात छापून येतं की आरोपीच्या बाजूने विचारात घेण्यासारखं काहीही न्यायालयासमोर आलेलं नाही.

माझं मत आधीच सांगतो. अशा माणसाबद्दल सहानुभूती वाटणं योग्य आहे, पण कागदावर न उतरलेल्या सहानुभूतीचा त्याला काही उपयोग नाही. म्हणून जाणकारांना तीन प्रश्न. हे बालपण पुराव्यासह जमवायचं कसं? "जात्याच तसा" की "परिस्थितीने तसा" या वादात विज्ञानाचा आधार किती घ्यावा? आणि ज्यांचं माणूस गेलं त्यांच्यासमोर हे कोणत्या तोंडाने मांडायचं?

दंडसंहिता
आधी कायद्याची चौकट, म्हणजे पुढची चर्चा भरकटणार नाही.

दोष सिद्ध झाल्यावर शिक्षेबाबत आरोपीचं म्हणणं स्वतंत्रपणे ऐकावंच लागतं. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत हे कलम २३५(२) होतं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ते २५८(२) आहे. फाशी द्यायची तर विशेष कारणं लिहावी लागतात, कलम ३९३(३). सर्वोच्च न्यायालयाच्या बच्चन सिंग (१९८०) निकालाने सांगितलं की गुन्ह्याइतकंच गुन्हेगाराकडे पाहा, आणि आरोपी सुधारण्यासारखा नाही हे सरकारने पुराव्याने दाखवावं.

सगळ्यात कामाचा निकाल म्हणजे मनोज वि. मध्य प्रदेश, मे २०२२. त्यात सरकारने ठराविक मुदतीत काय काय सादर करायचं याची यादीच आहे: वय, लहानपणची कौटुंबिक परिस्थिती (भावंडं, आईवडिलांचं छत्र, हिंसा किंवा दुर्लक्षाचा इतिहास), सध्याचं कुटुंब, शिक्षण, गरिबी आणि वंचितता, आधीचे गुन्हे, कामधंदा आणि उत्पन्न, मानसिक आजार किंवा समाजापासून तुटलेपण. त्याशिवाय मानसोपचारतज्ज्ञांचं मूल्यमापन आणि तुरुंगातल्या वर्तनाचा अहवाल. बचाव पक्षालाही आपलं साहित्य देण्याची मुभा आहे.

अडतं कुठे, तर वेळेत. सकाळी दोषी, दुपारी शिक्षा. वकिलाने त्याच क्षणी लेखी अर्ज देऊन तारीख मागायची. शिक्षेच्या सुनावणीसाठी आरोपीला पुरेसा वेळ मिळायला हवा हे अल्लाउद्दीन मियाँ (१९८९) निकालापासून सांगितलं जातंय. तोंडी विनंती नोंदीत उतरत नाही आणि अपिलात हाती काही राहत नाही. अर्जात "मनोज निकालाप्रमाणे अहवाल मागवावेत" हे वाक्य असलंच पाहिजे.

रानजाई
पहिल्या प्रश्नाचं उत्तर सविस्तर देते, कारण हे काम घाईत केलं की वाया जातं.

सुरुवात माणसापासून करू नका, कागदापासून करा. एका मोठ्या कागदावर जन्मापासून अटकेपर्यंत वर्षावार रकाने आखा. मग एकेक पुरावा योग्य रकान्यात बसवा. शाळेच्या जनरल रजिस्टरचा उतारा आणि शाळा सोडल्याचा दाखला: कोणत्या इयत्तेत, कोणत्या महिन्यात पट सुटला. ग्रामीण किंवा सिव्हिल हॉस्पिटलचे केसपेपर: हात मोडला, भाजला, डोक्याला टाके पडले. पोलीस ठाण्यातली अदखलपात्र नोंद: आई नवऱ्याविरुद्ध तक्रार द्यायला गेली की बहुधा एनसी करूनच परत पाठवलेली असते. तो कागद सोन्याच्या मोलाचा, कारण घरातली मारहाण त्या तारखेला नोंदली गेलेली असते, खटल्यासाठी रचलेली नसते. याखेरीज अंगणवाडीची वजननोंद, आईच्या मृत्यूचा दाखला, बालगृहात राहिला असेल तर तिथली फाइल.

ऊसतोडीच्या कुटुंबांत एक खूण हमखास सापडते. दिवाळीच्या आसपास हजेरी तुटते ती मार्च-एप्रिलपर्यंत. दरवर्षी तेच. मुकादमाची उचल घेतलेली असल्यामुळे टोळी निघाली की पोर आईबापांबरोबर कोपीवर (तोडीच्या जागच्या झोपडीत) जातं, नाहीतर गावात म्हाताऱ्या आजीकडे एकटं मागे राहतं. शाळेने शिक्षण हमी कार्ड (स्थलांतराच्या गावी शाळेत बसता यावं म्हणून) दिलं होतं का, कारखान्यावर साखरशाळा (ऊसतोड मजुरांच्या मुलांची शाळा) होती का, तेही तपासा. "मुलगा शाळेत जात नव्हता" आणि "राज्याच्या नोंदीतच हे मूल दरवर्षी पाच महिने गायब होतं" या दोन वाक्यांत न्यायाधीशांसाठी फार फरक आहे.

मुलाखती त्यानंतर. आरोपीला किमान तीन-चार वेळा, वेगवेगळ्या दिवशी भेटा. पहिल्या भेटीत अत्याचाराचा विषय काढू नका. "तुझ्यावर लहानपणी अत्याचार झाले का?" या प्रश्नाला जवळपास सगळे "नाही" म्हणतात, पुरुष तर नक्कीच. त्याऐवजी दिवसाबद्दल विचारा. रात्री कुठे झोपायचास, सोबत कोण असायचं, बाप पिऊन आला की तुम्ही भावंडं कुठे जायचात, घरातून पहिल्यांदा पळालास तेव्हा कोणाकडे गेलास, कोणाच्या घरी जायची भीती वाटायची. माणूस उत्तरं देता देता तिथे पोचतो. नाही पोचला तर ओढू नका.

घरच्यांना एकत्र बसवून विचारलं तर वडीलधारे "आमच्या घरात असलं काही नव्हतं" म्हणतात आणि बाकीचे मान डोलावतात. बहिणीला वेगळं भेटा. बहीण बहुतेकदा सगळ्यात जास्त सांगते. जुने शिक्षक, शेजारी, कामावरचा मालक, गावातल्या आशाताई, असे घराबाहेरचे किमान तीन जण हवेतच.

काळीमाती
सगळं वाचलं. तरी पटत नाही. ज्या वस्तीतून हे आरोपी येतात त्याच वस्तीत, त्याच दारुड्या बापांच्या घरांत वाढलेली शेकडो पोरं रिक्षा चालवतात, वायरमन होतात, भरतीसाठी पहाटे धावतात. त्यांनी कोणाचा गळा नाही चिरला. एकाचं बालपण पुढे करून त्याची शिक्षा कमी केली की तुम्ही त्या सगळ्यांचा अपमान करता.

सातारी_कंदी
काळीमातींशी शंभर टक्के सहमत. गरिबी म्हणजे गुन्हेगारी हे समीकरण गरिबांनाच सगळ्यात जास्त लागतं.

सूक्ष्मदर्शी
काळीमाती, तुम्ही म्हणता ते आकड्यांनीही खरं आहे, आणि ते मोकळेपणाने मान्य करूनच पुढे जायला हवं.

कॅथी विडम यांचं १९८९ सालचं संशोधन या विषयातला पाया मानतात. अमेरिकेतल्या एका काउंटीत १९६७ ते १९७१ या काळात ज्यांच्यावर अत्याचार किंवा दुर्लक्ष झाल्याचं न्यायालयात सिद्ध झालं होतं अशी ९०८ मुलं त्यांनी घेतली. त्यांच्याच वयाची, लिंगाची आणि साधारण त्याच परिस्थितीतली, पण अशी नोंद नसलेली ६६७ मुलं तुलनेला घेतली. मोठेपणी अटक झालेल्यांचं प्रमाण पहिल्या गटात सुमारे २९ टक्के, दुसऱ्यात २१. हिंसक गुन्ह्यांसाठी ११ टक्के विरुद्ध ८. म्हणजे धोका वाढतो हे नक्की. पण अत्याचार सोसलेल्या शंभरातल्या जवळपास नव्वद जणांवर हिंसक गुन्ह्याची एकही अटक नाही. याच अभ्यासातली दुसरी गोष्ट फारशी बोलली जात नाही: नुसतं दुर्लक्ष झालेल्या मुलांमधलं हिंसेचं प्रमाण मारहाण सोसलेल्या मुलांच्या बरंच जवळ जाणारं होतं. रानजाईंनी सांगितलेली "पाच महिने गायब" नोंद म्हणूनच महत्त्वाची. वळ उठले नाहीत म्हणून इजा झाली नाही असं होत नाही.

आता "जात्याच" या बाजूबद्दल. जुळ्यांच्या अभ्यासांतून समाजविघातक वर्तनातल्या फरकांपैकी साधारण निम्मा वाटा अनुवंशाशी जोडला जातो. पण हा आकडा लोकसमूहातल्या फरकांचा आहे. "या आरोपीचा निम्मा गुन्हा रक्तातून आला" असा त्याचा अर्थ लावणं साफ चूक.

२००२ साली कास्पी, मॉफिट आणि सहकाऱ्यांनी न्यूझीलंडमधल्या ड्युनेडिनचे ४४२ पुरुष जन्मापासूनच्या नोंदींसह अभ्यासले. मेंदूतली काही रसायनं मोडणाऱ्या एका विकराचं (एन्झाइमचं, नाव एमएओए) जनुक काहींत कमी सक्रिय असतं. असं जनुक आणि बालपणी छळ, दोन्ही असलेले पुरुष गटात फक्त १२ टक्के होते, पण गटातल्या हिंसक गुन्ह्यांच्या शिक्षांपैकी ४४ टक्के त्यांच्या नावावर होत्या. तेच जनुक असून ज्यांचं बालपण धड गेलं त्यांच्यात तसा परिणाम दिसला नाही. नंतरच्या काही अभ्यासांत हा संबंध दिसला, काहींत नाही, त्यामुळे एका माणसाच्या खटल्यात जनुकचाचणी घेऊन उभं राहणं मला योग्य वाटत नाही. पण काळीमाती, त्याच घरातला एक भाऊ वायरमन आणि दुसरा आरोपी का, याचं उत्तर शोधायची दिशा इथे आहे. दोघांना मिळालेला मार सारखा असेल. पण मार पचवायची ताकद, मधे पडणारी आजी, धाकट्याला वस्तीतून बाहेर नेणारा मामा, हे दोघांना सारखं मिळत नाही.

काळीमाती
सूक्ष्मदर्शी, आकडे दिलेत त्याबद्दल आभार. पण मग नव्वद जण स्वतःला सावरू शकले तर उरलेले दहा का नाही, हा माझा प्रश्न उरतोच.

दंडसंहिता
उरतो, आणि कायदाही त्याला दोषमुक्त करत नाही. बालपण कितीही भयंकर असो, त्यावर कोणी सुटत नाही. सुटकेसाठी वेडसरपणाचा बचाव (आता भारतीय न्याय संहिता कलम २२) लागतो, त्याची कसोटी फार कडक आहे आणि ती गुन्ह्याच्या क्षणाची मनःस्थिती पाहते. इथे आपण दोष सिद्ध झाल्यानंतरचं बोलतोय. जन्मठेपही सौम्य नाही. सर्वोच्च न्यायालय कितीदा वीस, पंचवीस, तीस वर्षं सुटका नाही अशी अट घालतं. प्रश्न एवढाच की या माणसाला मारायचं की आत ठेवायचं. तुमचे रिक्षावाले आणि वायरमन यांचा अपमान त्यात कुठे होतो?

दूरदेशी
अमेरिकेत राहत असल्याने इथलं थोडं. फाशीच्या खटल्यात बचावासाठी दोन वकील, एक तपासनीस आणि बालपण-कुटुंबाचा इतिहास जमवणारा एक खास माणूस असा संच असावा, असं इथल्या बार असोसिएशनचे २००३ चे दंडक सांगतात. त्याच वर्षी विगिन्स खटल्यात इथल्या सर्वोच्च न्यायालयाने ७ विरुद्ध २ मतांनी फाशी रद्द केली. कारण वकिलांनी आरोपीच्या बालपणाचा तपासच पुरेसा केला नव्हता: दारुडी आई, उपासमार, सांभाळायला दिलेल्या परक्या घरांतले (फॉस्टर होम) लैंगिक अत्याचार, सगळं सरकारी नोंदींत पडून होतं.

आणि एक सावधगिरी. २०१२ साली इथल्या १८१ न्यायाधीशांना एक काल्पनिक खटला दिला गेला. आरोपी मनोविकृत आहे असं सगळ्यांना सांगितलं, पण त्याचं जैविक कारण फक्त निम्म्यांना समजावलं. ज्यांना समजावलं त्यांनी सरासरी एक वर्ष कमी शिक्षा दिली, सुमारे १३.९ ऐवजी १२.८ वर्षं. पण त्याच कारणाने हा माणूस पुढेही धोकादायक राहील, असंही त्यांतल्या अनेकांनी नोंदवलं. हत्यार दोन्ही बाजूंनी कापतं.

निळीशाई
महाराष्ट्रात हा विषय निघाला की गावित बहिणींचं नाव येणारच. १९९६ साली अटक. आई मुलींना घेऊन चोऱ्या करायची, चोरीत ढाल म्हणून लहान मुलं पळवायची, अडचण झाली की मारायची. आई खटल्याआधीच कोठडीत वारली. मुलींना २००१ मध्ये फाशी, २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचं शिक्कामोर्तब. जानेवारी २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती जन्मठेपेत बदलली.

पण बदलली कशावर? दयेच्या अर्जावर सरकारने लावलेल्या अक्षम्य उशिरावर. आईनेच गुन्ह्यात वाढवलेल्या मुली स्वतः कोण होत्या, याचा त्यात निवाडा नाही.

काळीमाती
आणि त्या मारल्या गेलेल्या लेकरांचं काय? त्यांना कोणतं बालपण मिळालं? क्षमा करा, पण या नावापाशी माझी सहानुभूती संपते.

रानजाई
काळीमाती, तुमचा राग योग्य आहे. त्या लेकरांसाठी इथे कोणाचंही मन कमी तुटत नाही. पण आईने मुलींना घडवलं हे खरं असेल, तर ज्या दिवशी त्या मुली पहिल्यांदा आईबरोबर चोरीत पकडल्या गेल्या त्या दिवशी कोणीतरी विचारायला हवं होतं की ही पोर शाळेत का नाही. तो प्रश्न वेळेत विचारला असता तर पुढची लेकरं वाचण्याची शक्यता होती. मला बालपणाचा अहवाल यासाठीही महत्त्वाचा वाटतो. कोणत्या वयात कोणत्या यंत्रणेसमोरून हे मूल गेलं आणि तिने काय केलं नाही, हे त्यात तारखेसह दिसतं.

दीपमाळ
पीडितांच्या बाजूने कोणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. मयताचे वारस कायद्याच्या व्याख्येत "पीडित" आहेत. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जगजीत सिंग निकालात स्पष्ट केलं की पीडिताला तपासापासून अपिलापर्यंत म्हणणं मांडण्याचा हक्क आहे. निर्दोष सुटका, कमी गंभीर कलमाखाली दोष किंवा अपुरी भरपाई यांविरुद्ध पीडित अपील करू शकतो. मात्र शिक्षा कमी झाली एवढ्याच कारणावर करू शकत नाही, ते सरकारने करायचं. हे कुटुंबांना कोणी सांगत नाही आणि मुदत टळते.

शिक्षेच्या सुनावणीत कुटुंबाने आपली हानी लेखी द्यावी. कमावणारा गेला तर महिन्याचं उत्पन्न, मुलांच्या शिक्षणावर झालेला परिणाम, औषधोपचाराची बिलं. भरपाईसाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे वेगळा अर्ज लागतो, न्यायालयाने शिफारस केली तरी पाठपुरावा करावा लागतो. बलात्कार, बाललैंगिक अत्याचार आणि ॲसिड हल्ल्याच्या पीडितांसाठी राज्याची मनोधैर्य योजना २०१३ पासून आहे.

आरोपीचं बालपण वाचून दाखवताना कुटुंब न्यायालयात बसलेलं असतं. बचावाच्या वकिलाने "आरोपीही एक पीडितच आहे" असली वाक्यं टाळावीत. घटना सांगाव्यात, तुलना करू नये.

पिंपळपान
दीपमाळ, तुलना करू नये, हे अगदी पटलं. माझ्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर मिळालं.

गोधडी
"जात्याच गुन्हेगार" ही कल्पना आपल्याकडे जनुकांच्या कितीतरी आधी कायद्यात आली होती. १८७१चा गुन्हेगार जमाती कायदा. जन्माला आलं मूल की नोंद, हजेरी, परवान्याशिवाय गाव सोडायचं नाही. सोलापूरच्या तारेच्या कुंपणातल्या सेटलमेंटमध्ये पिढ्या गेल्या. ३१ ऑगस्ट १९५२ ला त्या जमाती विमुक्त झाल्या, पण राज्याराज्यांत सराईत गुन्हेगारांचे कायदे आले आणि संशय तसाच राहिला. ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला तुरुंग नियमावल्यांतले जातीवर आणि "सराईत" शिक्क्यावर आधारलेले नियम घटनाबाह्य ठरवावे लागले.

हा संशय निकालापर्यंत कसा पोचतो ते अंकुश मारुती शिंदे खटल्यात बघा. २००३ च्या खून आणि बलात्काराच्या प्रकरणात भटक्या जमातीतले सहा जण. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना फाशी ठरवली. २०१९ मध्ये त्याच न्यायालयाने सहाही जणांना निर्दोष सोडलं आणि प्रत्येकी पाच लाख भरपाई द्यायला सांगितली. त्यांतला एकजण तर घटनेच्या वेळी अल्पवयीन होता.

म्हणून विनंती आहे की अहवालात "अमुक जमातीत वाढल्यामुळे" असं कधीही लिहू नका. त्या वाक्याने मदत करतोय असं वाटतं आणि दीडशे वर्षांचा जुना शिक्का पुन्हा बसतो. लिहायचं तर हे लिहा: पालावर राहायचे, जातीचा दाखला नव्हता, रेशनकार्ड नव्हतं, पोलिसांनी संशयावरून वडिलांना उचललं त्या तारखा अशा.

सातारी_कंदी
गोधडी, हे माझ्या डोक्यात नव्हतं. "गरिबीच गुन्हेगार बनवते" म्हणणारेही नकळत तेच करतात.

निरीक्षणगृह
अल्पवयीनांबद्दल लिहितो, कारण बालपण पाहण्याची कायद्यातली पहिली संधी तिथे आहे.

मुलगा अठराच्या आतला असेल तर बाल न्याय मंडळ: एक न्यायदंडाधिकारी, दोन सामाजिक कार्यकर्ते, त्यांपैकी किमान एक स्त्री. परिविक्षा अधिकाऱ्याने (प्रोबेशन ऑफिसर) दोन आठवड्यांत सामाजिक तपासणी अहवाल द्यायचा, त्यासाठी नमुना ६. नमुन्यात घरातली मारहाण, व्यसन, शाळा सोडण्याचं कारण, मुलावर झालेले अत्याचार, सगळ्याचे रकाने आहेत. होतं असं की रकान्यांत "साधारण", "निरंक", "गरिबी" भरून कागद पुढे जातो. एका परिविक्षा अधिकाऱ्याकडे इतकी मुलं असतात की घरभेट राहून जाते. वकिलाने किंवा संस्थेने तो अहवाल मागून घ्यावा, निरंक रकाने शोधावेत आणि पूरक अहवालासाठी मंडळाला अर्ज द्यावा.

सोळा ते अठरा वय आणि किमान सात वर्षं शिक्षेचा गुन्हा असेल तर बाल न्याय कायद्याच्या कलम १५ ची प्राथमिक चाचपणी, मूल पहिल्यांदा हजर केल्यापासून तीन महिन्यांत. चार गोष्टी बघायच्या: गुन्हा करण्याची मानसिक क्षमता, शारीरिक क्षमता, परिणाम समजण्याची कुवत, आणि कोणत्या परिस्थितीत गुन्हा घडला. यावर ठरतं की त्याला मोठ्यांसारखा खटला चालवायला बाल न्यायालयात पाठवायचं की मंडळापुढेच ठेवायचं. मंडळात जास्तीत जास्त तीन वर्षं विशेष गृह. तिकडे गेला तर वीस वर्षंही होऊ शकतात. फाशी किंवा सुटकेची शक्यता नसलेली जन्मठेप मात्र कोणत्याच वाटेने नाही.

इथे सगळ्यात जास्त चुका होतात. बुद्ध्यंक ९५ आला म्हणजे परिणाम कळतात असा निष्कर्ष काढतात. उंची-वजन पाहून शारीरिक क्षमता लिहितात. चौथा मुद्दा, परिस्थिती, एका वाक्यात उरकतात, आणि बळी असण्याचा सगळा इतिहास नेमका त्याच मुद्द्यात बसतो. बरुण चंद्र ठाकूर निकालाने (२०२२) सांगितलंय की मंडळावर बाल मानसशास्त्राचा जाणकार नसेल तर तज्ज्ञाची मदत घ्यावीच लागेल. ती घेतली नसेल तर कलम १०१ खाली तीस दिवसांत अपील करा.

भाकरतुकडा
वयाचा विषय निघालाच आहे तर, अर्ध्या महाराष्ट्राचा वाढदिवस १ जूनला का असतो हे इथे सगळ्यांना माहीत असेल. :)

दंडसंहिता
हा हा, खरं आहे, गुरुजींनी एका दिवसात गावं जन्माला घातली. पण फौजदारीत हे फार महत्त्वाचं होतं. शाळेत नाव घालताना पहिलीचं वय बसावं म्हणून १ जून टाकलेली असते, त्यामुळे खरं वय काही महिने इकडेतिकडे. घटनेच्या दिवशी सतरा वर्षं अकरा महिने की अठरा वर्षं एक महिना, यावर आयुष्य ठरतं. बाल न्याय कायद्याच्या कलम ९४ चा क्रम असा: शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा मंडळाचं दहावीचं प्रमाणपत्र. ते नसेल तर महापालिका, नगरपालिका किंवा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला. दोन्ही नसतील तरच हाडांची तपासणी. त्या तपासणीत एक-दोन वर्षांचा फरक पडू शकतो, म्हणून ती शेवटी.

अल्पवयीन असल्याचा दावा कोणत्याही टप्प्यावर करता येतो, अगदी अंतिम निकालानंतरही. पुण्यातल्या १९९४ च्या सात खुनांच्या खटल्यात फाशीची शिक्षा झालेल्या एका कैद्याचं वय घटनेच्या दिवशी बारा वर्षं सहा महिने होतं, हे मार्च २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मान्य केलं. कायद्याने जास्तीत जास्त तीन वर्षं होती. तोवर तो अठ्ठावीस वर्षांहून जास्त आत होता. पुरावा काय होता? राजस्थानातल्या शाळेचं रजिस्टर.

काळीमाती
बारा वर्षांचं पोर फाशीच्या कोठडीत. हे माहीत नव्हतं. माझा मूळ आक्षेप तसाच आहे, पण कागद जमवण्याला आता माझा विरोध नाही.

पिंपळपान
मग परत पहिल्या प्रश्नावर येतो. तालुक्याच्या पातळीवर हे सगळं करणार कोण? अशा आरोपीकडे वकिलाच्या फीचेच पैसे नसतात.

दंडसंहिता
कोठडीतल्या प्रत्येकाला उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो, विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७, कलम १२. बऱ्याच जिल्ह्यांत आता लोक अभिरक्षक कार्यालय (आरोपींना मोफत बचाव वकील देणारं) आहे, त्यांच्याकडे जा. सामाजिक इतिहासासाठी समाजकार्य महाविद्यालयाचे पदव्युत्तर विद्यार्थी प्राध्यापकांच्या देखरेखीखाली चालतील, पण अहवालावर सही पात्र व्यक्तीचीच हवी, नाहीतर उलटतपासणीत तो टिकत नाही. तुरुंगात मुलाखतीसाठी न्यायालयाची परवानगी घ्या आणि आदेशात "खाजगीत, पहाऱ्यावरच्या कर्मचाऱ्याला ऐकू जाणार नाही अशा ठिकाणी" हे शब्द टाकून घ्या. नाहीतर मुलाखत जाळीपलीकडून, दहा जणांच्या आरडाओरड्यात होते.

सूक्ष्मदर्शी
दूरदेशींनी सांगितलेल्या दुधारीपणावर उपाय आहे. अहवालात फक्त जखमा लिहिल्या तर वाचणारा "हा सुधारणार नाही" असाच निष्कर्ष काढतो. म्हणून सुधारणेचा पुरावा तितक्याच बारकाईने द्या: तुरुंगात कोणतं काम केलं, शिस्तभंगाची नोंद आहे की नाही, मुक्त विद्यापीठाची परीक्षा दिली का, घरच्यांची पत्रं आणि मुलाखती किती नियमित आहेत, दारू सुटल्यावर वर्तनात काय फरक पडला. नुसत्या गुणांकनावरही थांबू नका. बालपणातल्या प्रतिकूल अनुभवांची दहा प्रश्नांची यादी सर्रास वापरली जाते, पण ती मोठ्या लोकसमूहांसाठी बनली. "दहापैकी आठ" हा एका माणसाचं भविष्य सांगणारा आकडा नाही, हे तिच्या मूळ संशोधकांपैकी रॉबर्ट आंदा यांनीच बजावलंय.

निळीशाई
एक अडचण. मुलाखतीत आरोपीने सांगितलं की लहानपणी अमुक नातेवाइकाने त्याच्यावर अत्याचार केले, आणि तो नातेवाईक आजही त्याच घरात आहे. पुढे काय?

रानजाई
हे घडतं, आणि याची तयारी मुलाखतीच्या आधी करायची असते. काय गुप्त राहील आणि काय राहू शकणार नाही, हे पहिल्याच भेटीत साध्या शब्दांत सांगा. त्याची लेखी संमती घ्या. अहवालात त्या व्यक्तीचं नाव न घेता नातं लिहा आणि तो भाग बंद पाकिटात द्या. तपशील इन-कॅमेरा, म्हणजे बंद दाराआड, ऐकावा असा अर्ज सोबत जोडा.

पण आधी हे तपासा की त्या घरात आता लहान मुलं आहेत का. पॉक्सो (बाललैंगिक अत्याचारविरोधी) कायद्याच्या कलम १९ प्रमाणे असा गुन्हा घडण्याची शक्यता वाटली तरी कळवणं बंधनकारक आहे, फक्त घडून गेल्यावर नाही. १०९८ या बालमदत क्रमांकावर फोन करा आणि विशेष बाल पोलीस पथकाला किंवा स्थानिक पोलीस ठाण्याला लेखी द्या. खटल्याचा निकाल लागेपर्यंत थांबू नका.

दंडसंहिता
रानजाईंना जोड: आरोपीवरचा जुना अत्याचार १४ नोव्हेंबर २०१२ च्या आधीचा असेल तर पॉक्सो लागत नाही, जुन्या दंड संहितेची कलमं लागतात. तीन वर्षांहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्याला मुदतीचं बंधन नाही, त्यामुळे त्याची इच्छा असेल तर तुरुंगातूनही फिर्याद देता येते. ती तुरुंग अधीक्षकांमार्फत संबंधित पोलीस ठाण्याला पाठवायची आणि पोच घ्यायची. त्या पोचेची प्रत शिक्षेच्या सुनावणीतल्या अहवालाला जोडा.